सहा मिलिमीटर

मिर्ता ओदोरिकोला सायकल-शर्यतींच्या संघात घेतलं ते तिच्या पायांच्या लांबीमुळे. पायांतल्या जोरामुळे नव्हे, लांबीमुळे. संघ चालवणाऱ्या लोरेदानाबाईंनी तिला इटलीतल्या पोर्देनोनेजवळच्या ऑफिसात बोलावलं, बूट काढायला लावले, भिंतीला पाठ टेकवून उभं केलं, दोन पायांमध्ये एक जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी धरायला लावली आणि ती वर सरकेल तेवढी सरकवून जमिनीपासूनचं अंतर टेपने मोजलं. आधीच्या संघात तिने काय दिवे लावले होते, याची चौकशीसुद्धा केली नाही. टेपकडे बघत भुवया जरा उचलल्या, आणि म्हणाल्या, "थोडं इकडेतिकडे आहे. पण चालेल."

थोडं इकडेतिकडे म्हणजे सहा मिलिमीटर. ऑर्नेला वियानच्या पायांपेक्षा मिर्ताचे पाय तेवढे लांब होते.

ऑर्नेला ही संघाची पुढारी. बाकीच्या पाच जणी तिच्यासाठी. वारा अंगावर घ्यायचा तो तिच्यासाठी, मागच्या गाडीकडून पाणी आणायचं ते तिच्यासाठी, आणि शेवटच्या चढाला जीव मेटाकुटीला आला की तिला पुढे सोडून मागे पडायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. राबतात सहा जणी आणि नाव होतं एकीचं, हे ज्या मुलीला पटत नाही तिने पोहायला जावं. पण मिर्ताचं काम आणखी एक होतं. ऐन मोक्याला ऑर्नेलाची सायकल बिघडली किंवा टायर बसला, की आपली सायकल तिच्या हाती द्यायची आणि स्वतः रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. म्हणून मिर्ताची सायकल ऑर्नेलाच्या मापाने बांधलेली असे. तीच फ्रेम, तसंच हँडल, सीटही तेवढ्याच उंचीवर. मिर्ता तिच्यावर बसत असे, एवढंच.

चार वर्षांत ती वेळ दोनदा आली. एकदा ऑर्नेला मिर्ताच्या सायकलवर बसून पहिली आली. त्याचा मोठा फोटो ऑफिसात लावलेला आहे. फोटोत सायकल छान आली आहे.

सहा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं नाही, असं कुणीही म्हणेल. तीन नाणी एकावर एक ठेवली की साधारण तेवढं होतं. पण सीट तेवढी खाली असली की गुडघा कधीच पुरता सरळ होत नाही, आणि सायकलवर पाय दिवसाला वीस-पंचवीस हजार वेळा खालीवर होतो. पहिल्या वर्षी मिर्ताला काही जाणवलं नाही. दुसऱ्या वर्षी गुडघा संध्याकाळी दुखायचा. तिसऱ्या वर्षी सकाळीही दुखायला लागला. आणि यंदा मार्चपासून तो जिना उतरताना असा काही कुरकुरायचा की मालिश करणारी निवेस दुसऱ्या खोलीतून विचारायची, "आलीस का?"

जून महिन्यातली ती सात दिवसांची शर्यत फ्रिउलीतच होती, म्हणजे घरच्याच रस्त्यांवर. चौथ्या दिवशी, गुरुवारी, निळी जर्सी ऑर्नेलाच्या अंगावर आली. निळी जर्सी म्हणजे सगळ्या दिवसांची वेळ मिळून जी पुढे ती. ऑर्नेला अकरा सेकंदांनी पुढे होती. दाइवा नावाची एक लिथुआनियन मुलगी दुसरी. ऑर्नेलाने नऊ वर्षं या शर्यतीत दुसरी, तिसरी, पाचवी येण्यात घालवली होती, आणि ती आता तेहेतीस वर्षांची होती. त्या संध्याकाळी ती जर्सी घालूनच जेवायला बसली. बाईंनी "सांडशील" म्हणून रुमाल बांधायला लावला, तो तिने बाळासारखा बांधूनही घेतला.

बाई खुशीत होत्या. मिर्ताला त्यांनी दारातच गाठलं. "पुढच्या दोन वर्षांचा कागद तयार आहे तुझा. शनिवारी सही करून टाक. ऑर्नेला म्हणते, मिर्ता नसेल तर मीपण नाही."

मिर्ता एकतीस वर्षांची होती, गुडघा असा, आणि तिच्या नावावर सगळ्या मिळून जिंकलेली एक शर्यत. दुसरा कुठलाही संघ तिला दारात उभं करणार नव्हता. हे तिला ठाऊक होतं, बाईंनाही ठाऊक होतं.

जेवणाआधी ती हॉटेलच्या मागे गेली. तिथे संघाची व्हॅन उघडी टाकून एजिदिओ सायकली धूत होता. एजिदिओला सगळे मास्तर म्हणत. साठी उलटलेला, जाड चष्म्याचा माणूस. त्याच्या हातून सुटलेला स्क्रू कुणी पाहिलेला नाही.

"मास्तर, माझी सीट वर करा."

"किती?"

"किती ते तुम्हाला माहितीये."

एजिदिओने नळ बंद केला. "बाईंनी सांगितलंय?"

"नाही."

"मग जा. जेवायला बस. आज चीज-बटाट्याचा फ्रिको केलाय, गार झाला की चामड्यासारखा होतो."

"मास्तर, निवेस म्हणते, असंच चाललं तर ऑगस्टात गुडघा उघडावा लागेल."

"निवेस काय डॉक्टर आहे?"

"डॉक्टर पण तेच म्हणाला. निवेस निदान हळू आवाजात म्हणते."

एजिदिओ चष्मा पुसत राहिला. जितका पुसायला हवा त्याच्या दुप्पट वेळ पुसला. मग म्हणाला, "चार वर्षं बघतोय मी. तू पुढून जाताना दिसलीस की नजर तुझ्या गुडघ्यावरच जाते. पण मला माप देतात, मी माप बसवतो. उद्या तिला तुझी सायकल लागली म्हणजे?"

"चार वर्षांत दोनदा लागली. तीन दिवसांत कशाला लागतेय? रविवारी संपलं की उतरवा परत."

"बाईंना तू सांगायचंस. जेवतानाच सांग. मला खोटं बोलता येत नाही, माझे कान लाल होतात."

"सांगते."

त्याने पाना घेतला, सीट सहा मिलिमीटर वर केली, दोनदा मोजली. मिर्ता जेवायला गेली. फ्रिको खाल्ला, पोलेंटा खाल्ला, ऑर्नेलाच्या रुमालावर सगळ्या हसल्या तेव्हा हसली. बाईंना काही सांगितलं नाही.

शुक्रवारी ती सायकलवर बसली आणि पहिल्याच गावाबाहेर तिला कळलं की आपण चार वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीत अवघडून बसलो होतो. पाय खाली जायचा आणि पुरता जायचा. मांडी आपलं काम करायची, गुडघा मुकाट राहायचा. दुखणं एकदम थांबलं नाही, पण ते कुठेतरी मागच्या बाकावर जाऊन बसलं. तालियामेंतो नदीच्या पुलावर आडवा वारा होता, सगळ्या जणी कण्हत होत्या, आणि मिर्ता सगळ्यांत पुढे वारा कापत चालली होती. तिला आनंद झाला होता. असा आनंद की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

संध्याकाळी बसमध्ये ऑर्नेलाने तिला कोपराने ढोसलं. "काय गं, आज काय खाल्लं होतंस? सारखी आपली पुढे पुढे. दोनदा ओरडले मी, हळू म्हणून."

"भात."

"आम्हीपण भातच खाल्ला."

"मग माझ्या ताटात जास्त पडला असेल."

"उद्या मलापण त्याच पातेल्यातला वाढा रे कुणीतरी," ऑर्नेला म्हणाली आणि पाय समोरच्या सीटवर टाकून झोपून गेली. झोपेतही तिचा एक हात जर्सीच्या चेनवर होता.

तेव्हा सांगता आलं असतं. पुढे बाई बसल्या होत्या, मागे एजिदिओ दर दहा मिनिटांनी मिर्ताकडे बघत होता, सोय सगळी होती. पण सांगितलं असतं तर रात्रीच्या आत सीट खाली आली असती, आणि मिर्ताला आणखी एक दिवस हवा होता. याला काही मोठं कारण नव्हतं. हवा होता, म्हणून ती मूग गिळून बसली.

शनिवारचा रस्ता कार्नियाच्या डोंगरांत जात होता. शेवटी नऊ किलोमीटरचा चढ, वर शेवटची रेषा, आणि रविवारचा रस्ता ताटासारखा सपाट. म्हणजे जे काय व्हायचं ते शनिवारीच. निघण्याआधी बाईंनी सगळ्यांना समोर उभं केलं. "दाइवाला अकरा सेकंद हवेत. ती चढाला सुटेल. ऑर्नेला तिच्या मागच्या चाकाला चिकटून राहील, दुसरं काही करणार नाही. मिर्ता, तू ऑर्नेलाच्या सावलीत. लघवीला थांबायचं तर तिला विचारून थांब."

"ती कधी थांबतच नाही," मिर्ता म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

चढाच्या अलीकडे एक उतार होता, अरुंद, गावातून वळणं घेत जाणारा. उतारावर मागे कुठेतरी सात-आठ जणी एकमेकींवर पडल्या आणि त्यांच्या सायकलींनी रस्ता असा काही बंद झाला की संघांच्या गाड्या त्याच्या पलीकडे अडकल्या. सुटी चाकं घेऊन फिरणारी मोटारसायकल पुढे पळालेल्या दोघींच्या बरोबर होती. पुढच्या घोळक्यात पंचवीसेक जणी राहिल्या. त्यांत दाइवा, ऑर्नेला, मिर्ता. आणि गावाबाहेरच्या पुलावर, चढ सुरू व्हायला दोन किलोमीटर उरले असताना, ऑर्नेलाचं मागचं चाक बसलं.

तिने हात वर केला. मिर्ताने ब्रेक दाबला. दोघी कडेला आल्या. बाकीचा घोळका पुढे गेला. इतक्या शेवटाला कुणासाठी कुणी थांबत नसतं. कानातल्या रेडिओवर बाईंचा आवाज खरखरत होता. "मिर्ता, सायकल दे! आम्ही अडकलोय. सायकल दे!"

ऑर्नेला उतरून तिच्यासमोर उभी होती. एक हात तिने मिर्ताच्या हँडलवर ठेवलासुद्धा होता.

"दे."

मिर्ताने पाय जमिनीवर टेकवला. आता दुसरा पाय पलीकडून काढायचा, हँडल सोडायचं, ऑर्नेला बसली की पाठीला हात लावून ढकलायचं. दहा सेकंदांचं काम. दोनदा केलेलं, सरावात पन्नासदा केलेलं. तिचे हात हँडलवरून निघेनात.

"अगं दे ना!"

"चाक घे," मिर्ता म्हणाली.

"काय?"

"माझं मागचं चाक घे. पटकन काढते."

आणि ती खाली बसलीसुद्धा. सायकल उलटी केली, चाक आवळणारी पट्टी फिरवली, चेन बाजूला ओढली, चाक काढलं. ऑर्नेला क्षणभर नुसती बघत राहिली. मग भांडायला वेळ नाही हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनेही आपलं चाक काढायला घेतलं. घाईत तिच्या हातून चेन दोनदा निसटली. चाळीस सेकंद गेले. मिर्ताने तिला ढकलत नेलं, पायातले बूट डांबरावर सटकत असताना तीस-चाळीस पावलं धावली, आणि सोडलं. ऑर्नेला चढाकडे गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

पुलावर शांत होतं. खाली पाणी खळखळत होतं. एक म्हातारी घडीच्या खुर्चीवर बसून शर्यत बघायला आली होती, तिने विचारलं, "बाळ, तुला नाही का जायचं?"

"चाक येतंय," मिर्ता म्हणाली.

गाडी तीन मिनिटांनी आली. बाई खिडकीतून काहीतरी ओरडत होत्या, त्या स्वतः उतरल्याच नाहीत, एजिदिओला चाकासकट खाली उतरवून तशाच ऑर्नेलाच्या मागे गेल्या. एजिदिओने चाक बसवलं. सीटकडे पाहिलं, मिर्ताकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. 

ऑर्नेला त्या चढावर आयुष्यात चढली नसेल अशी चढली. वीस जणींना मागे टाकलं. दाइवा मात्र हाती लागली नाही, ती वीस सेकंद आधी वर पोचली होती. अकरातून वीस गेले. नऊ सेकंद कमी पडले. निळी जर्सी दाइवाला घातली तेव्हा ऑर्नेला बसच्या मागे टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून निवेस उभी होती. मिर्ता पंधरा मिनिटांनी पोचली. चाळीसातून दहा वजा केले तर तीस राहतात, हा हिशेब तिने चढावर नऊ किलोमीटर केला होता. दर वेळी तीसच आले.

सातच्या सुमाराला सगळ्या जेवायला बसल्या. बाहेर अजून उजेड होता. टेबलावर पास्ता वाफाळत होता आणि कुणी वाढून घेत नव्हतं. बाईंनी चमचा खाली ठेवला.

"मिर्ता, चाक का दिलंस?"

मिर्ता बोलायच्या आत एजिदिओ उठून उभा राहिला. "तिची सीट वर आहे. सहा मिलिमीटर. परवा मी केली. चूक माझी आहे, काढायचं तर मला काढा."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मिर्ताकडे. आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरची गाठ सुटत गेली. त्या स्वतः अठरा वर्षं शर्यती करून आलेल्या. सहा मिलिमीटर ऐकल्यावर त्यांना पुढचं सगळं आपोआप दिसलं.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "म्हणजे उंच सीटवर नऊ किलोमीटर चढ. अर्ध्यात तिच्या पायात गोळे आले असते. मिनिट गेलं असतं, कदाचित दोन. तू ते तिथल्या तिथे ओळखलंस आणि चाक दिलंस." त्यांनी मान हलवली. "न विचारता सीट वर केलीस, ते चुकलंच. त्याबद्दल नंतर बोलेन. पण तिथे पुलावर तू बरोबर केलंस. दुसरी असती तर घाबरून सायकल देऊन मोकळी झाली असती."

टेबलाभोवती सगळ्यांनी श्वास सोडला. कुणीतरी पाव पुढे केला. ऑर्नेलाचे डोळे सुजले होते, तिने टेबलावरून हात लांब केला आणि मिर्ताचा हात धरला. "मी तुला मनातल्या मनात वर जाईपर्यंत शिव्या घातल्या," ती म्हणाली. "माफ कर."

बाईंनी पिशवीतून कागद काढला आणि मिर्ताच्या ताटाशेजारी ठेवला. पेनही ठेवलं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मिर्ताला जमत होतं, दोन दिवस जमलंच होतं. पण ऑर्नेलाचा हात अजून तिच्या हातावर होता, गरम आणि दमलेला, आणि तो हात माफी मागत होता. ते तिला सोसवेना.

"नाही," ती म्हणाली. "सीटचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं."

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"गोळे येतील, मिनिट जाईल, यातलं काहीच नाही. सायकल दिली असती तर ती बसली असती आणि गेली असती. सहा मिलिमीटरने नऊ किलोमीटरला काही होत नाही. व्हायला वर्षं लागतात." ती एक घोट पाणी प्यायली. "दोन दिवस ती सायकल माझी होती. मला द्यावीशी वाटली नाही."

 ऑर्नेलाने हात काढून घेतला. बाईंनीही हात पुढे केला, कागद उचलला, त्याची घडी घातली आणि परत पिशवीत ठेवला. पेन विसरल्या होत्या, मग तेही उचललं.

"उद्याचा दिवस काढ," त्या म्हणाल्या. "सोमवारी सामान घेऊन जा."

"बरं."

मिर्ताला रडू येत होतं. जर्सीचं वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. ऑर्नेलाची नऊ वर्षं तिने जवळून पाहिली होती. आणि पुन्हा त्या पुलावर नेऊन उभं केलं तरी आपण हँडल सोडणार नाही, हेही तिला तितकंच पक्कं ठाऊक होतं. या दोन गोष्टी तिच्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

ऑर्नेला मघापासून तिच्याकडे बघत होती. "तुझी सीट वर केली म्हणजे काय?" तिने विचारलं. "आपलं माप एकच आहे ना? मला तर हेच सांगितलं होतं. दोघींचे पाय अगदी सारखे, नशीबच म्हणायचं, असं म्हणाल्या होत्या बाई."

बाईंनी ताटात पाहिलं. एजिदिओचे कान पुन्हा लाल झाले.

"नाही," मिर्ता म्हणाली. "माझे लांब आहेत."

"चार वर्षं?"

"पहिल्या दिवसापासूनच लांब आहेत. वाढले नाहीत ते मध्येच."

कुणाला हसू आलं नाही. ऑर्नेलाने टेबलाखाली वाकून बघितलं, मिर्ताच्या गुडघ्याला बांधलेली पट्टी तिने रोज पाहिली होती आणि कधी विचारलं नव्हतं. ती परत सरळ बसली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर? त्या पुलावर घेतली नसतीस सायकल?"

 खोटं बोलणं ऑर्नेलाला सोपं होतं, तिच्याबद्दल सगळ्यांना तेव्हा दयाच येत होती. तिने खरंच विचार केला. गार होत चाललेल्या पास्त्याकडे बघत.

"घेतली असती," ती म्हणाली.

"मी पण घेतली असती, तुझ्या जागी असते तर," मिर्ता म्हणाली.

ऑर्नेलाने पातेलं ओढलं. आधी स्वतःला वाढून घेतलं, मग मिर्ताकडे सरकवलं. दोघी जेवल्या.